किड्याची साक्ष

गावात त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला दाभण म्हणत. दाभण म्हणजे बाइंडरची जाड सुई. ती शिरली की आरपार निघते, अधेमधे थांबत नाही. हे नाव हाताच्या कामामुळे पडलं की तोंडामुळे, याबद्दल दोन मतं होती. त्याचं स्वतःचं मत असं, की हाताच्या कामामुळे. बायकोचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण तिने ते सांगितलं होतं.

घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. दारावर पाटी नव्हती. ज्याला पुस्तक बांधून हवंय तो विचारत विचारत येतोच आणि ज्याला नकोय त्याला पाटी वाचवून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलाच्या टोकाला पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या आणि कातडं कापायची रापी, कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीचा आंबूस वास त्या खोलीत असा मुरला होता, की तो घरातलाच एक वडीलधारा वाटावा. पाहुणे आले की आधी त्याची ओळख व्हायची, मग माणसांची.

पन्नास वर्षं तो पुस्तकं बांधत होता. शाळेचे नकाशासंग्रह, कचेरीतल्या नोंदवह्या, पानं सुटलेले शब्दकोश, कुणाच्या आजोबांच्या रोजनिश्या. बाजारपेठेत दोन दुकानं निघाली होती, तिथे पुस्तक तासाभरात बांधून मिळे. दाभण त्यांच्याबद्दल वाईट बोलत नसे. "ते बांधत नाहीत, चिकटवतात," एवढंच म्हणे. "चिकटतं काय, पोस्टाचं तिकीटही चिकटतं."

हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली, पण वाचलं त्याने एकही नाही. स्वयंपाक्याने प्रत्येक ताटात बोट घालायचं नसतं, असं तो सांगे. पण एक गोष्ट तो कधी चुकवत नसे. पुस्तक बांधून झालं, की मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तो बोटभर कागदाची चिठ्ठी चिकटवी. तिच्यावर दोनच शब्द असत, 'पाने तपासली', आणि खाली सही. न्यायाधीश निकालावर करतो तशी ती सही असे, सावकाश आणि बाक न देता.

शिलाई बायकोकडे होती. ती डावखुरी, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची आणि दोघांचे हात एकमेकांना आडवे येत नसत. लोक म्हणत, या जोडप्याचं जमतं ते एवढ्याच कारणाने. दुमडलेल्या कागदांच्या जुडीला बाइंडर लोक जुज म्हणतात. तो एकेक जुज सारखा करून पुढे सरकवी आणि म्हणे, "हा पहिला." ती तो उचले आणि म्हणे, "आला पहिला." मग, "हा दुसरा." "आला दुसरा." असं शेवटपर्यंत. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटे आत पाढे चाललेत. शेवटचा जुज आला, की दोघं मिळून सगळी पानं एकदा उलटून बघत आणि मगच चिठ्ठी लागे.

बावीस वर्षांपूर्वी ग्रंथालयातून एक हस्तलिखित आलं. तेव्हाचे ग्रंथपाल ते स्वतः कापडात गुंडाळून, लहान मूल आणावं तसं घेऊन आले. जुनं काव्य होतं, एका नावाड्याची गोष्ट. जगात त्याची एवढी एकच प्रत आहे, असं ग्रंथपालांनी दारात सांगितलं आणि आत आल्यावर पुन्हा सांगितलं. लिपी जुनी, दाभणला वाचता येईना. ग्रंथपालांनाही येत नव्हती, पण ते तिच्याकडे आदराने बघत होते. पानांचे आकडे कोपऱ्यात लिहिलेले असावेत, पण कोपरे कसरीने खाऊन टाकले होते. मागच्या बाजूने एका किड्याने आणखी एक काम केलं होतं. शेवटच्या पानावर शिरून तो सरळ पोखरत आत गेला होता आणि बऱ्याच पानांनंतर कुठेतरी थकून थांबला होता. अक्षराला धक्का लागला नसेल तर भोक बुजवायचं नाही, हा दाभणचा नियम. किड्याचं भोक तसंच राहिलं.

नेमका त्या दिवसांत घरात अबोला होता.

कारण म्हटलं तर मोठं नव्हतं. बायकोचा भाऊ चार दिवसांसाठी आला होता आणि वीस दिवस राहिला होता. तो निघाला तेव्हा दाभण उंबऱ्यापर्यंत पोचवायला गेला आणि त्याने विचारलं, "काही विसरलं नाही ना? आणखी एखादा पंधरवडा वगैरे?" भाऊ हसला. बहीण हसली नाही. ती अकरा दिवस बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर हाही बोलला नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. सकाळ-संध्याकाळ निरोप तिच्यामार्फत चालत. बाबांना सांग चहा ठेवलाय. आईला सांग, दिसतोय.

शिलाई झाली ती नवव्या दिवशी, दुपारी, मुलगी शाळेत असताना. हस्तलिखिताचे नऊ जुज होते. दाभण जुज पुढे सरकवत होता, पण तोंडाने काही म्हणत नव्हता. बायको उचलत होती, तीही काही म्हणत नव्हती. सात जुज असे गेले. मग खळ बघायला म्हणून तो उठला आणि उरलेले दोन तिच्याजवळच्या स्टुलावर पालथे ठेवून गेला. आठवा वर होता, नववा खाली. त्याच्या डोक्यात असं, की वरचा आधी घ्यायचा, हे कुणालाही कळेल. तिच्या डोक्यात असं, की पालथे ठेवलेत, म्हणजे सुलटे केले की खालचा वर येणार, तोच आधी. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द दोघांपैकी कुणीही खर्च केला नाही.

नंतर पानं तपासायची वेळ आली. तपासायचं म्हणजे शेजारी शेजारी बसायचं आणि बोलायचं. दाभणने पुस्तक हातात घेतलं, जड आहे का ते बघावं तसं खालीवर केलं, आणि चिठ्ठी चिकटवली. पाने तपासली. सही.

दोन दिवसांनी अबोला सुटला. भाऊ पोचल्याचं पत्र आलं, त्यात त्याने मेहुण्यांची खोडी फार आवडल्याचं लिहिलं होतं. पुस्तक ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात गेलं आणि दोघं ते विसरून गेले.

विसरले नाहीत ते एक प्राध्यापक. दूरच्या विद्यापीठातून ते आले, जुनी लिपी त्यांना येत होती. त्यांनी ते काव्य सहा महिने त्या कपाटाशेजारी बसून वाचलं आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावर काढली. त्यांच्या पुस्तकाचं नाव होतं 'भेटीनंतरची वाट'. त्या एका पुस्तकामुळे त्यांचं नाव झालं. काव्यातला नावाडी राजाचं सैन्य नदीपार न्यायला म्हणून निघतो आणि पुराला सापडतो. सातव्या जुजाच्या शेवटी तो होडीत पावलं ठेवतो. पुढच्याच ओळीत तो म्हातारा होऊन घरी आलेला असतो. आणि तो घरी आल्यानंतर, हे महत्त्वाचं, त्याची बायको बारा वर्षं त्याची वाट बघते. काव्य संपतं ते अर्ध्या ओळीवर. 'आणि मग तिने दाराशी ऐकली', बस, पुढे काही नाही. ती काय ऐकते, यावर तीन विद्वानांमध्ये वितुष्ट आलं होतं. प्राध्यापकांचं म्हणणं असं, की कवीने काळ उलटा केला. माणूस घरी येतो तेव्हाच त्याची खरी वाट बघणं सुरू होतं, हे त्याने हजार वर्षांपूर्वी ओळखलं. भेटीचा भाग संपल्यावर पुढची ओळ 'शिदोरी' या शब्दाने सुरू होत होती. मागे पुढे संबंध नाही, नुसती शिदोरी. त्या एका शब्दावर प्राध्यापकांनी चाळीस पानं लिहिली होती. ती चाळीस पानं वाचून लोकांचे डोळे भरून येत.

यंदा ग्रंथालयात तीन दिवसांचा ग्रंथमहोत्सव ठरला. अंगणात पुस्तकांचे गाळे आणि वरच्या सभागृहात लेखकांची भाषणं, इतिहासावर आणि अभिजात वाङ्मयावर. दाभणची मुलगी आता त्याच ग्रंथालयात नोकरीला होती आणि कुणी कधी बोलायचं, कुणी कधी थांबायचं, हे तिच्याकडे होतं. पहिलं सोपं गेलं. प्राध्यापकांना तिनेच पत्रं लिहून लिहून आणलं होतं. त्यांनी येण्याचं कबूल करताना एक इच्छा कळवली. ते काव्य ज्या हातांनी जगवलं, त्या बाइंडरचा सत्कार माझ्या व्याख्यानात व्हावा.

दाभण नको म्हणाला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही करायचं नाहीये. चढायचं, घ्यायचं, उतरायचं." बायको म्हणाली, "आणि मध्ये तोंड उघडायचं नाही, ते सांग."

पहिल्या दिवशी दुपारी दोघं धुतलेले कपडे घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. प्राध्यापकांच्या आधी इतिहासाचं भाषण चालू होतं. एका जुन्या किल्ल्याच्या वेढ्याबद्दल इतिहासकार तावातावाने सांगत होते, की वेढा घालणारे जिंकले. वेढा सोसणारे जिंकले असं म्हणणारे दुसरे इतिहासकार तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. दाभणने बायकोला विचारलं, कोण जिंकलं म्हणे? ती म्हणाली, अजून ठरायचंय.

मग प्राध्यापक आले. बारीक चणीचे, पांढऱ्या केसांचे, आवाज मात्र भरलेला. दिवे मंद झाले आणि पडद्यावर हस्तलिखिताची पानं एकेक करून येऊ लागली, दरवाजाएवढी मोठी. प्राध्यापक वाचत, अर्थ सांगत आणि थांबत. कुठे थांबायचं हे त्यांना नीट माहीत होतं. भेटीनंतरची वाट म्हणजे काय, हे ते सांगत होते तेव्हा सभागृहातल्या बायका एकमेकींकडे न बघता माना हलवत होत्या. दाभणची बायकोही हलवत होती.

"खरं आहे बाई," ती हळूच म्हणाली.

दाभणचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. सगळं सभागृह अक्षरं बघत होतं आणि तो भोक बघत होता. पडद्यावर ते केवढं दिसत होतं. सातव्या जुजाचं शेवटचं पान आलं तेव्हा ते टाचणीच्या टोकाएवढं होतं. त्यानंतरचं पान आलं आणि ते वाटाण्याएवढं झालं. भेटीचा सगळा भाग वाटाणाच. मग शिदोरीचं पान आलं आणि भोक एकदम मोहरीएवढं झालं, आणि काव्य संपेपर्यंत ते वाढत वाढत मुगाएवढं झालं.

किडा एका बाजूने आत शिरतो आणि पुढे जात जात बारीक होतो. तो मध्येच मोठा होऊन पुन्हा लहान होत नाही. वाटाणा शेवटी हवा, मूग त्याच्या आधी. दाभणला एका क्षणात स्टूल दिसलं, पालथे ठेवलेले दोन जुज दिसले, आणि आपली चिठ्ठी दिसली. त्याने बायकोकडे पाहिलं. तिची मान हलायची थांबली होती. तीही भोकच बघत होती.

"आठवा वर होता," तो पुटपुटला.

"पालथा होता," ती म्हणाली.

बावीस वर्षं उशिरा का होईना, तो शब्द खर्च झाला.

मंचावरून प्राध्यापक सांगत होते, की विद्यापीठाची अधिकृत आवृत्ती पुढच्या आठवड्यात छपाईला जातेय. यापुढे शाळा-कॉलेजांत, सगळीकडे काव्याचा हाच क्रम राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कपाटात बंद होती तोवर ती त्याची होती. आता ती कवीची होणार होती, आणि कवी तर तक्रार करायला यायचा नव्हता.

त्याला वर बोलावलं. फुलं दिली, चौकटीतलं मानपत्र दिलं. प्राध्यापकांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की हे बोट जर हललं असतं, तर एक महान काव्य आपण चुकीच्या क्रमाने वाचलं असतं. मग त्याच्यापुढे माईक सरकवला. दोन शब्द बोला.

दाभणने फुलं टेबलावर ठेवली. मुलगी बाजूला उभी राहून, उतरा आता, अशी खूण करत होती.

"शेवटचे दोन जुज उलटे लागलेत," तो म्हणाला. "मी लावलेत. चूक माझी आहे."

प्राध्यापकांचे डोळे ओले झाले. ते माईककडे वाकून म्हणाले, की पाहा, या कारागिराने एका वाक्यात आपल्या काव्याचं मर्म सांगितलं. काळ उलटा लावण्याची चूक, हीच तर कवीची करामत. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाभण म्हणाला, नाही, खरंच उलटे लागलेत. टाळ्या वाढल्या. पहिल्या रांगेतून त्याची बायको उभी राहिली आणि लोकांकडे वळून म्हणाली, "टाळ्या थांबवा जरा. ते चुकलं म्हणतायत." यावर लोक मनापासून हसले. फोटोवाल्याने दोघांना एका चौकटीत घेतलं. पुढचा कार्यक्रम सुरू झाला.

खाली अंगणात मुलगी फार काही बोलली नाही. बाबा, एवढ्या आयुष्यात एकदा तुम्हाला कुणी चांगलं म्हणत होतं, एवढंच म्हणाली. तेही तिने गाळ्यावरची पुस्तकं सरळ करता करता म्हटलं. ती पुस्तकं आधीच सरळ होती. दाभणही तिच्याबरोबर ती सरळ करू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक पाटी नसलेलं ते घर विचारत विचारत आले. रात्री त्यांना झोप लागली नव्हती हे दिसत होतं. टाळ्यांत ते वाक्य वाहून गेलं होतं, पण खोलीवर गेल्यावर परत आलं असावं. त्यांनी खळीच्या वासाकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काल तुम्ही जे म्हणालात," त्यांनी विचारलं, "ते शब्दशः म्हणालात का?"

"मला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नाही."

"तुमची खात्री आहे?"

"माझं सोडा," दाभण म्हणाला. "किड्याला विचारा. तो काही काव्य वाचत नव्हता. त्याला भूक होती, तो सरळ गेला."

मग त्याने भोकाचं सगळं सांगितलं. बायकोने अबोल्याचं सांगितलं, भावाच्या बाजूने. सगळं संपल्यावर प्राध्यापक खुर्चीवर बसले.

तिघं ग्रंथालयात गेले, पण नव्या ग्रंथपालांनी पुस्तक उसवायला साफ नकार दिला. राष्ट्रीय महत्त्वाचा ठेवा आहे, त्याला हात लावायला तीन सह्या लागतात, असं त्यांनी सांगितलं. प्राध्यापकांनी तिथेच कागद मागवून तिन्ही सह्या मिळवल्या. पहिली स्वतःची, दुसरी ग्रंथपालांची, आणि तिसरी सही कुणाची हवी हे नियमात लिहिलं नसल्यामुळे दाभणच्या मुलीची. तिने सही केली आणि बापाकडे न बघता दार लावून घेतलं.

दाभणने मागचा पुठ्ठा अलगद उघडला. चिठ्ठी तिथे होती, सही अजून काळीभोर. त्याने ती आधी सोडवली आणि खिशात घातली. मग शेवटच्या दोन जुजांचा दोरा कापला आणि ते बाहेर काढले. बायको सुई-दोरा घेऊन पलीकडे जाऊन बसली होती.

"हा आठवा," तो म्हणाला.

"आला आठवा."

"हा नववा."

"आला नववा."

त्याने खिशातून बारीक तांब्याची तार काढली आणि मागून, पडद्यावर वाटाण्याएवढं दिसलेल्या भोकातून आत सोडली. ती नववा पार करून आठव्यात गेली, आठवा पार करून सातव्यात गेली आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकापाशी अडकली, जिथे किडा थांबला होता तिथेच. कुठे वाकली नाही, कुठे घासली नाही. मग त्याने तार काढून ठेवली आणि उठून खिडकीशी गेला. वाचणाऱ्याच्या खांद्यावरून बघत उभं राहायची त्याला सवय नव्हती.

प्राध्यापकांनी सातव्याचं शेवटचं पान वाचलं. 'आणि त्याने होडीत ठेवली.' मग आठव्याचं पहिलं. 'शिदोरी, आणि वळून पाहिले नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग आठव्याचं शेवटचं. 'आणि मग तिने दाराशी ऐकली.' नवव्याचं पहिलं. 'ओली पावले.'

प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चाळीस पानं लिहिली मी त्या शिदोरीवर," ते म्हणाले. "आणि तो ती नुसती होडीत ठेवत होता."

दाभणच्या बायकोला त्यांची दया आली. ती म्हणाली, "पण तुम्ही काल सांगितलंत ते खरं होतं. माणूस घरी आला तरी वाट बघावीच लागते."

"ते तुमचं खरं आहे, वहिनी," प्राध्यापक म्हणाले. "कवीचं नव्हतं."

मग ते बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभं राहून विद्यापीठाच्या छापखान्याला फोन केला. फोन लांबला. पलीकडचा माणूस समजावत असावा, कारण प्राध्यापक तीन वेळा म्हणाले, की नाही, मी ठणठणीत आहे.

गावात ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. निम्म्या लोकांनी दाभणचं कौतुक केलं. उरलेले निम्मे तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभे होते, कुणाच्या हातात नकाशासंग्रह, कुणाच्या हातात शब्दकोश, कुणाच्या हातात आजोबांची रोजनिशी. तुमच्याच हातचं आहे, जरा बघता का, असं ते ओशाळून म्हणत होते. पन्नास वर्षांत त्याच्याकडे परत आलेलं हे पहिलं काम. दाभणने कुणालाही टोमणा मारला नाही. त्याने एकेक पुस्तक घेतलं, बायकोला शेजारी बसवलं, पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली आणि परत दिली. सगळी बरोबर होती. रोजनिशीवाला म्हणाला, मला माहीतच होतं. दाभण म्हणाला, मला नव्हतं.

त्याच दिवशी अकरा वाजता दोन्ही इतिहासकारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. ती झाली नाही, कारण मंचाच्या उजव्या बाजूला कुणी बसायचं यावर दोघांनीही माघार घेतली नाही. मुलीकडे रिकामा तास उरला. प्राध्यापकांनी तो मागून घेतला. पहिल्या दिवशी भरलेल्या सभागृहात आज एकोणीस माणसं होती, त्यातली दोन सावलीसाठी आलेली.

प्राध्यापकांनी पडदा लावला नाही. हातात हस्तलिखित घेतलं आणि उभं राहून साध्या आवाजात सांगितलं, की माझं पुस्तक चुकीच्या क्रमावर उभं होतं. क्रम बाइंडरने बिघडवला आणि बाइंडरनेच दुरुस्त केला. मी वीस वर्षं वाचत होतो आणि मला दिसलं नाही. ज्यांच्याकडे माझं पुस्तक आहे त्यांनी ते ठेवावं, ते संसाराबद्दल आहे. काव्याबद्दल नाही. एकाने विचारलं, मग काव्यात आता विशेष काय राहिलं? प्राध्यापक म्हणाले, अजून मला माहीत नाही, वाचून बघू या.

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, आठव्या जुजापासून, प्रत्येक ओळीचा आजच्या बोलीत अर्थ सांगत. नावाडी शिदोरी ठेवतो आणि जातो. पूर येतो. बाई वाट बघते, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. ती दाराला कडी लावायची सोडून देते, मग पुन्हा लावू लागते. दाभण आणि त्याची बायको पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. आयुष्यभर पुस्तकं बांधली, पण कुणी एखादं त्यांना असं वाचून दाखवण्याची ही पहिलीच वेळ. सातव्या वर्षी बाई शेजारणीशी भांडते तेव्हा बायको म्हणाली, "हिचंच चुकतंय." दाभण म्हणाला, "ऐकू दे."

बारा वाजले. मंडपवाल्यांची माणसं खुर्च्या न्यायला आली आणि मागच्या रांगांपासून उचलू लागली. मुलगी त्यांना थांबवायला उठली, मग तिने पाहिलं की त्यांच्यातला एक जण खुर्ची काखेत धरून ऐकत उभा आहे, तेव्हा तीही बापाशेजारी येऊन बसली.

बारा वर्षं झाली. बाईने दाराशी ओली पावलं ऐकली. तिने दार लगेच उघडलं नाही. आतून विचारलं, कोण? बाहेरच्याने नाव सांगितलं. तिने गावाचं नाव विचारलं, होडीचा रंग विचारला, निघताना काय विसरला होतास ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं. बराच वेळ नुसता पावसाचा आवाज, असं कवी म्हणतो. मग कडी निघते.

प्राध्यापक थांबले. पुढे एकच ओळ होती. आजवर ती काव्याच्या मध्येच कुठेतरी दबून राहिली होती आणि त्यांच्या पुस्तकात तिच्यावर एक तळटीप होती. त्यांनी पान उजेडात धरलं.

"'पाय पुसून आत ये,' ती म्हणाली," त्यांनी वाचलं आणि हस्तलिखित मिटलं.

लोक पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. पुढची ओळ नव्हती. दाभणने बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती, हात मांडीवर जुळवून, शिलाई संपल्यावर बसते तशी.

"आता बरोबर लागलंय," ती म्हणाली.

खुर्ची काखेत धरलेल्या माणसाने ती हळूच खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.